छाटणीत सुटणारी डावी बाजू: पीएमएलचं एक प्रकरण

तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार, वय ४६. घरची बाग, आणि ऑक्टोबर छाटणीला टोळीबरोबर स्वतः कात्री घेऊन उतरायची सवय. त्या वर्षी मुकादमाच्या लक्षात आलं की मालक ज्या ओळीतून जातात, तिथे डाव्या हाताच्या काड्या तशाच राहतात. उजवीकडची छाटणी नेहमीसारखी, डोळा बघून केलेली. डावीकडे मात्र हातच फिरलेला नाही. मालकाला सांगायचं कसं म्हणून टोळीने गुपचूप मागून त्या काड्या काढल्या. घरी बायकोला वेगळंच दिसत होतं. ताटात डाव्या बाजूला वाढलेली चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी परत यायची. "तिखट सोसंना झालंय वाटतं म्हणून मी चटणीत मिरचीच कमी केली," असं त्या नंतर म्हणाल्या.

यातला रुग्ण म्हणजे ओळखता येईल असा कुणी एक माणूस नाही. पीएमएल, म्हणजे प्रतिकारशक्ती पडल्यावर मेंदूत होणारा एक विषाणूचा आजार, आमच्या भागात कुठल्या वाटेने जातो ते दाखवायला तो जुळवला आहे. विषाणू, तपासण्या आणि औषधं यांची माहिती मात्र जशी आहे तशी दिली आहे.

दिवाळीच्या सुमारास मोटारसायकल डावीकडे उभ्या असलेल्या ट्रॉलीला घासली. तेव्हा घरच्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदूची सुरुवात, चष्म्याचा नंबर किंचित बदललेला, बाकी डोळे चांगले. समोरचा तक्ता ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते, त्यामुळे नजर अधू आहे असं कुणाला वाटलं नाही. पण तक्ता वाचणं वेगळं आणि दृष्टीचा पट्टा पूर्ण असणं वेगळं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना डावीकडचा अर्धा भाग दिसत नव्हता. याचं कारण डोळ्यात नसतं, मेंदूच्या मागच्या भागात असतं. आणि रुग्णाला समोर अंधार दिसत नाही, तेवढं जग त्याच्या हिशेबातूनच जातं. म्हणून तो तक्रारही करत नाही.

ही गोष्ट तपासायला यंत्र लागत नाही. रुग्णाच्या समोर बसायचं, त्याला आपल्या नाकाकडे बघायला सांगायचं, आणि दोन्ही बाजूंनी बोटं हलवून कुठलं हललं ते विचारायचं. एक मिनिटाचं काम. मोटारसायकल एकाच बाजूने घासली, दाराची चौकट एकाच खांद्याला लागते, अशी हकीकत कानावर आली की ते करावंच.

नोव्हेंबर संपताना डावा हात अवघडला. शर्टाची बटणं लावताना बोटं चुकायची. गावच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो वाढलेला होता. सांगलीत सीटी स्कॅन झाला. उजव्या बाजूला मेंदूच्या मागच्या भागात काळसर डाग. "मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडल्याने झालेली इजा" असा अहवाल आला, आणि ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. घरात एकच निदान ठरलं, वारं गेलं. शेजारच्या गावात लकव्याचं पाल्याचं औषध मिळतं, तेही दोन अमावास्या घेऊन झालं. भावाचं म्हणणं वेगळं होतं. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना जी पेस्ट लावतात, ती हायड्रोजन सायनामाइडची, तिचीच बाधा झाली असणार. पेस्ट विषारी असते हे खरं. पण तिने मेंदूचा एकाच बाजूचा डाग आठवड्या-आठवड्याला वाढत जात नाही.

गावच्या डॉक्टरांना मी फारसा दोष देणार नाही. पंचेचाळिशीचा माणूस, तंबाखू, रक्तदाब, एका बाजूचा हात अवघडलेला, स्कॅनवर डाग. शंभरातल्या बहुतेक वेळा हे पक्षाघाताचंच चित्र असतं. इथे न जुळणारी गोष्ट एकच होती, आणि ती स्कॅनवर नव्हती, हकिकतीत होती. पक्षाघात घड्याळ लावून येतो. सकाळी उठलो तेव्हा हात चालत होता, चहा घेताना कप पडला, असं रुग्ण सांगतो. या माणसाला नेमकं कधी सुरू झालं हे कुणालाच सांगता येईना. ऑक्टोबरात काड्या सुटत होत्या, नोव्हेंबरात बटणं चुकू लागली, डिसेंबरात चालताना डावा पाय ओढत होता. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली मिशनरी डॉक्टर वान्लेस यांनी सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातली माणसं इथे येतात. आज सांगली-मिरजेत स्कॅन अर्ध्या दिवसात होतो. "कधीपासून?" या प्रश्नाला तेवढा वेळ मिळत नाही.

जानेवारीत मेंदूविकारतज्ज्ञांकडे आले तेव्हा वजन वर्षभरात ११ किलोंनी उतरलेलं होतं. उन्हातान्हाचं काम, त्यात व्याप, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. जिभेवर पांढरा थर. आणि बरगडीवरून पाठीकडे जाणारे जुने, फिकट व्रण. दोन वर्षांपूर्वी नागीण झाली होती. त्या वेळी घरात भीती होती ती नागिणीची दोन्ही तोंडं मिळतात की काय याची. काव लावून, मंत्र घालून ती उतरवली आणि विषय संपला. नागिणीची तोंडं मिळाली की माणूस दगावतो, हा समज आपल्याकडे मुरलेला आहे. चाळिशीच्या आसपास, मधुमेह नसताना, रुंद पट्ट्याची नागीण आली तर विचारायला हवा तो प्रश्न त्या भीतीमुळे मागे पडतो, की प्रतिकारशक्ती का पडली? कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून मज्जातंतूंच्या गाठींत पडून असतो. पहारा ढिला पडला की तो नागीण होऊन बाहेर येतो. दोन वर्षांपूर्वीच एचआयव्हीची चाचणी झाली असती तर पुढचं बहुतेक टळलं असतं. ही चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते.

चाचणी आता झाली. समुपदेशन करून, संमती घेऊन, वेगवेगळ्या किटवर. एचआयव्ही आहे, आणि सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या टी-पेशी, ५४. निरोगी माणसात त्या साधारण ५०० च्या वर असतात. २०० च्या खाली गेल्या की ज्यांना आपण संधिसाधू संसर्ग म्हणतो त्यांची रांग लागते.

एमआरआयवर उजव्या बाजूला मागे आणि वर, मेंदूच्या पांढऱ्या भागात, मोठा पट्टा उजळलेला दिसला. डावीकडेही एक लहान ठिपका होता, सीटीवर न दिसलेला. पट्ट्याची बाहेरची कड थेट मेंदूच्या सालीखालपर्यंत, वळणावळणाने गेलेली. एकाच रक्तवाहिनीच्या हद्दीत तो बसत नव्हता. एवढा मोठा डाग असून सूज नाही, शेजारचा भाग ढकललेला नाही, शिरेतून दिलेलं रंगद्रव्य त्यात कुठे झिरपलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य या आजाराचं मर्म आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

या आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह मल्टिफोकल ल्युकोएन्सेफॅलोपॅथी, सोयीसाठी पीएमएल. ॲस्ट्रॉम, मॅन्कॉल आणि रिचर्डसन या तिघांनी १९५८ साली त्याचं वर्णन केलं, ते रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये. विषाणू वेगळा काढता आला १९७१ साली. ज्या रुग्णाच्या मेंदूतून तो मिळाला त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला जेसी विषाणू म्हणतात. पुढे एड्सची साथ येईपर्यंत हा आजार इतका विरळ होता की १९८४ सालच्या एका मोठ्या आढाव्यात जगभरातले मिळून २३० रुग्ण जमले होते.

विषाणू मात्र विरळ नाही. जगातल्या निम्म्याहून जास्त प्रौढांच्या रक्तात त्याच्या लागणीची खूण सापडते. लहानपणी किंवा तरुणपणी तो शिरतो, त्या वेळी काही होत नाही, आणि मग मूत्रपिंडात मुक्काम करून राहतो. निरोगी माणसांच्या लघवीतूनही तो अधूनमधून बाहेर पडतो. टी-पेशींचा पहारा उठला की तो आपल्या जनुकांच्या नियंत्रक भागात फेरफार करून घेतो आणि मेंदूत वाढू लागतो. तिथे त्याचं लक्ष्य असतं मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण तयार करणाऱ्या पेशींवर. त्या मरतात, आवरण गळून पडतं, आणि तेवढ्या भागातून जाणारे संदेश थांबतात.

ताप, डोकेदुखी, मान आखडणं, सूज या सगळ्या खुणा विषाणूच्या नसतात, शरीर त्याच्याशी लढतं त्या लढाईच्या असतात. पीएमएलमध्ये लढणारंच कुणी नसतं. म्हणून मेंदूचा मोठा तुकडा जातो तरी रुग्णाचं डोकं दुखत नाही, ताप येत नाही, पाठीतल्या पाण्यात पेशी वाढत नाहीत, आणि एमआरआयवर रंगद्रव्य झिरपत नाही. घरच्यांना वाटतं, ताप नाही म्हणजे गंभीर काही नाही. या आजारात शांतता हेच वाईट लक्षण आहे. पुढे मार्चमध्ये जे झालं तेही याच गोष्टीवरून समजतं.

निदान इथवर जवळपास ठरलं होतं, पण जवळपास ठरणं पुरेसं नव्हतं. ५४ सीडी-४ च्या माणसाच्या मेंदूत बरंच काही होऊ शकतं, आणि आपल्याकडे त्यात पहिला मान क्षयाचा. क्षयाच्या गाठी आणि टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या गाठी बहुधा सूज घेऊन येतात आणि कडेने रंग घेतात. एप्स्टाइन-बार विषाणूशी जोडलेला मेंदूतला लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, तोही रंग घेतो. सायटोमेगॅलो विषाणू सहसा सीडी-४ ५० च्या खाली गेल्यावर मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या भिंती धरतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस गोंधळलेला, गुंगीत जातो. त्याच्यावर गॅन्सिक्लोविर आहे. एचआयव्हीमुळे थेट मेंदूवर होणारा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा पसरतो, अर्धी नजर जाण्यासारखी एका जागेची खूण त्यात दिसत नाही.

आमच्या रुग्णाच्या बाबतीत खरा अडथळा होता नागिणीच्या जुन्या व्रणांचा. कांजिण्यांचा तोच विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांत शिरतो, त्यांची भिंत सुजवतो आणि खराखुरा पक्षाघात घडवतो. नागीण येऊन गेल्यावर आठवड्यांनी, महिन्यांनीही. आणि तो बरा होण्यासारखा आहे. शिरेतून ॲसायक्लोविर, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, दोन आठवडे. पीएमएलवर असं औषध नाही. ज्यावर औषध आहे ते निदान आधी बाजूला करावं, किंवा अहवाल येईपर्यंत त्याचं औषध सुरू ठेवावं, हा शहाणपणाचा मार्ग. इथे तेच झालं. मूत्रपिंडावर लक्ष ठेवून, भरपूर सलाइन देत ॲसायक्लोविर चालू केलं.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर घरात पुन्हा वाद. पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा होतो, असं अजूनही खात्रीने सांगणारे लोक आहेत. गंभीर आजारी माणसाचंच पाणी काढलं जातं आणि त्यातले काही पुढे लुळे होतात, यातून हा समज आला असावा. सुई घालतात ती मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली, कमरेत. हे चित्र काढून दाखवलं तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "मग करा, पण मी समोर थांबणार." थांबला.

पाण्यात पेशी चार, साखर ठीक, प्रथिनं किंचित वाढलेली. क्रिप्टोकॉकस या बुरशीची चाचणी निगेटिव्ह, क्षयासाठीची सीबीनॅट निगेटिव्ह. कांजिण्यांच्या विषाणूचा पीसीआर, म्हणजे त्याची जनुकं शोधणारी तपासणी, निगेटिव्ह, आणि त्याची प्रतिपिंडंही नाहीत. रक्तवाहिन्यांच्या या आजारात प्रतिपिंडांची तपासणी पीसीआरपेक्षा जास्त विश्वासाची, म्हणून दोन्ही पाठवल्या होत्या. जेसी विषाणूचा पीसीआर पॉझिटिव्ह. ॲसायक्लोविर थांबवलं.

एचआयव्हीची औषधं सुरू करण्याआधी पाणी तपासणं यात शहाणपण आहे. पीसीआर पॉझिटिव्ह आला, एमआरआय जुळला, लक्षणं जुळली, तर निदान पक्कं धरायला हरकत नसते. पण निगेटिव्ह आला म्हणून पीएमएल नाही असं ठरत नाही. औषधं सुरू होऊन प्रतिकारशक्ती थोडी जरी परतली तरी पाण्यातला विषाणू इतका घटतो की पीसीआरला सापडत नाही. मग पुन्हा सुई, किंवा मेंदूचा तुकडा काढून तपासणं.

पीएमएलवर औषध शोधायचे प्रयत्न कमी झाले नाहीत. सायटाराबिन देऊन पाहिलं, सिडोफोविर देऊन पाहिलं. मलेरियाचं मेफ्लोक्विन प्रयोगशाळेत चाललं, रुग्णांत नाही. विषाणू पेशीत शिरताना सेरोटोनिनच्या एका ग्राहकाचा आधार घेतो म्हणून नैराश्यावरचं मिर्टाझापिनही दिलं जातं, त्याने ठाम फायदा सिद्ध झालेला नाही. २०१९ साली कर्करोगातल्या पेम्ब्रोलिझुमॅबने आठपैकी पाच रुग्णांचा आजार सुधारला किंवा थांबला, पण ती वाट अजून आपल्या रुग्णाच्या आवाक्यातली नाही. आज जे चालतं ते एकच, रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती परत आणणं. एचआयव्हीच्या रुग्णाच्या नशिबाने ते गोळ्यांनी जमतं. गोळ्या नव्हत्या तेव्हा दहातले नऊ जण वर्षाच्या आत जात. आता साधारण निम्मे वर्षापलीकडे जगतात, त्यातले बरेच पुढेही.

मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला हा आजार झाला तर पेच वेगळा. तिथे प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. ती औषधं कमी केली तर मेंदू वाचण्याची आशा, पण नवं मूत्रपिंड जाण्याची भीती. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं नॅटालिझुमॅब अमेरिकेत २००४ च्या अखेरीस मंजूर झालं, आणि पीएमएलचे रुग्ण सापडल्याने २००५ च्या सुरुवातीलाच थांबवावं लागलं. पुढे कडक देखरेखीखाली ते परत आणलं. आपल्याकडे संधिवात, ल्युपस, लिम्फोमा यांना प्रतिकारशक्ती दाबणारं रिटुक्सिमॅब आता जिल्ह्याच्या ठिकाणीही दिलं जातं, तेव्हा एचआयव्ही निगेटिव्ह आला म्हणून पीएमएलचा विचार सोडू नये.

गोळ्या कधी सुरू करायच्या, या निर्णयावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. मेंदूचा क्षय किंवा क्रिप्टोकॉकस असेल तर आधी त्याचा उपचार करून एचआयव्हीची औषधं काही आठवडे पुढे ढकलतात, कारण प्रतिकारशक्ती एकदम परतली तर बंद कवटीत जीवघेणी सूज येऊ शकते. पीएमएलमध्ये उलट. थांबलेला प्रत्येक आठवडा मेंदूचा तुकडा घेऊन जातो. म्हणूनच क्षय आणि क्रिप्टोकॉकस नाही याची खात्री आधी करायची होती. ती झाल्यावर त्याच आठवड्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही एकत्र गोळी सुरू झाली. रोज एक, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रातून मोफत. मोफत उपचारांचा हा कार्यक्रम १ एप्रिल २००४ ला सुरू झाला, आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, एचआयव्ही सापडला की गोळी सुरू करण्याचं धोरण आहे. जोडीला इतर संसर्ग टाळायला कोट्रायमॉक्साझोल. घरात शक्ती यावी म्हणून कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या आणून ठेवलेल्या होत्या. त्या डोल्युटेग्राविरबरोबर उपाशीपोटी घेतल्या तर मूळ औषधच नीट शोषलं जात नाही, हे समुपदेशकाने पहिल्याच दिवशी सांगितलं ते बरं झालं.

प्रतीक्षागृहात भावकी बसलेली होती. मेहुण्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरसाहेब, नेमकं काय झालंय ते आम्हाला तरी सांगा." त्यांना उत्तर मिळालं, की मेंदूत विषाणूचा आजार आहे, प्रतिकारशक्ती कमी झाल्याने झालाय, उपचार सुरू केलेत. तेवढंच. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून हे तिसऱ्याला सांगता येत नाही. आमच्याकडे मात्र वॉर्डातल्या फायलीवर लाल अक्षरं, खाटेवर वेगळी खूण, असले प्रकार पूर्ण गेलेले नाहीत. अर्धी नजर गेली, हात अडखळला, तरी या माणसाचं भान शाबूत होतं. समजावून सांगितलेलं तो पुन्हा आपल्या शब्दांत सांगू शकत होता. तेव्हा कुणाला सांगायचं हा निर्णय त्याचाच. त्याने बायकोला स्वतः सांगितलं, समुपदेशकाच्या खोलीत. तिची चाचणी निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनी पुन्हा निगेटिव्ह.

"हे माझ्या अंगात आधीपासून होतं म्हणता, मग आत्ताच कसं उठलं?" या त्याच्या प्रश्नाला समुपदेशकाने बागेतलंच उत्तर दिलं. द्राक्षावरचा दावण्या रोग बागेत कायम असतोच की. आभाळ आलं, पानं भिजली, की तो उठतो. या उत्तराने त्याला जे कळलं ते आमच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने कळलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डावा हात पूर्ण लटका पडला. बोलणं जडावलं. एका पहाटे डाव्या हाताला आणि तोंडाच्या डाव्या बाजूला झटके आले. घरच्यांनी गोळ्या बंद केल्या. त्यांचा तर्क चुकीचा म्हणता येत नव्हता. गोळ्या सुरू झाल्या, त्यानंतर वाढलं, म्हणजे गोळ्यांनीच वाढलं. पण आता एमआरआयवर जुन्या डागाच्या कडेने रंगद्रव्य झिरपत होतं, पूर्वी नसलेली सूज दिसत होती. सीडी-४ ५४ वरून १३८ वर. रक्तातला एचआयव्ही दोन लाखांवरून हजाराच्या खाली. म्हणजे पहारेकरी परतले होते आणि मेंदूत लढाई पेटली होती. तिची धग मेंदूलाच लागत होती. याला आयरिस म्हणतात, प्रतिकारशक्ती परतताना उसळणारा दाह.

दोन दिवस सुटलेली गोळी पुन्हा सुरू करणं, हे त्या आठवड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम होतं, आणि ते समुपदेशक व बायको या दोघांनी केलं. स्टेरॉइडबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नसतं. ते दाह दाबतं, पण ज्या पेशी परत याव्यात म्हणून एवढा खटाटोप केला त्यांनाही दाबतं. सौम्य आयरिसमध्ये ते न दिलेलंच बरं, असं माझं मत. इथे सूज वाढत होती, डावीकडचं शरीर जात होतं, म्हणून शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन थोडे दिवस आणि मग पोटातून उतरत्या मात्रेत दिलं. झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटाम निवडलं. तालुक्याच्या दवाखान्यात झटके म्हटलं की हाताशी असते ती फेनिटॉइनची गोळी. ती डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी उतरवते. कार्बामाझेपिनही तेच करतं. एका झटक्यावर दिलेल्या चुकीच्या गोळीने मूळ उपचारच निकामी झाला असता, म्हणून गावच्या डॉक्टरांना फोन करून हे मुद्दाम सांगितलं, अर्थात रुग्णाची परवानगी घेऊन.

जूनपर्यंत बोलणं सुधारलं. डावा हात खांद्यापर्यंत उचलता येऊ लागला, बोटं मात्र बारीक कामाला नाहीत. डावीकडची नजर परत आली नाही, आणि ती येईल अशी आशाही दाखवलेली नाही. मायलिन गेलेल्या जागी आता एमआरआयवर काळे, आकसलेले डाग आहेत, रंग घेत नाहीत, वाढतही नाहीत. फिजिओथेरपिस्टने वाचायला शिकवलं ते असं. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढायची, आणि प्रत्येक ओळ सुरू करताना ती रेघ दिसेपर्यंत मान वळवायची. पहिले काही आठवडे ते चिडायचे. अर्ध्या ओळीपासून वाचलेली बातमी त्यांना अर्थाची वाटायचीच नाही, आणि चूक छापणाऱ्याची वाटायची. हळूहळू मान आपोआप वळू लागली. सीडी-४ आता २१० च्या आसपास आहे, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, मोजता येत नाही इतका कमी. लेव्हेटिरासिटाम अजून चालू आहे.

भारतात पीएमएलची नोंद पाश्चात्य देशांच्या मानाने कमी आहे. क्षयाने रुग्ण आधीच दगावतो, एमआरआय होत नाही, झाला तर पीसीआरला पैसे नसतात, अशी कारणं दिली जातात. माझा संशय यात आणखी एकाची भर घालतो. सांगली जिल्हा एके काळी महाराष्ट्रातल्या जास्त एचआयव्हीच्या जिल्ह्यांत गणला जायचा. त्या काळात इथला प्रत्येक डॉक्टर वजन उतरलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा. आता लागण कमी झाली, रुग्ण गोळ्यांवर चांगले राहतात, आणि प्रश्न विचारायची सवय मोडली. मग बागायतदार, घरदार सांभाळणारा, मुलं शिकलेली, असा माणूस समोर बसला की चाचणी लिहायला हात धजत नाही.

सध्या वाद चालू आहे तो गाडीचा. रुग्णाचं म्हणणं, मान वळवायला मी शिकलोय, वस्तीपासून बागेपर्यंत दोन किलोमीटरचाच रस्ता, मोटारसायकल चालवू द्या. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूने चालवतात, म्हणजे पायी जाणारी माणसं, सायकली, कडेची जनावरं सगळी त्यांच्या न दिसणाऱ्या बाजूला. त्यात झटके येऊन वर्ष झालेलं नाही. नाही म्हणून लिहून दिलं आहे, आणि कागद बायकोकडे ठेवायला सांगितला आहे. पुढच्या तपासणीला ते पुन्हा विचारणार आहेत.